आकाशात ‘काय तर’ दिसलं, आता चौकशी कुठून सुरू करायची?

तुमचा प्रश्न सगळ्यांसाठी थोडक्यात पुन्हा लिहितो. दिवाळीनंतरच्या आठवड्यात रात्री साडेआठच्या सुमारास तुम्ही आणि तुमचे वडील रंकाळ्यावर फिरत होता. पन्हाळ्याच्या बाजूला तीन तांबूस दिवे ओळीत, अधांतरी दिसले. दहा मिनिटं ते जागचे हलले नाहीत, मग त्यातला एक खाली घसरला आणि विझला. व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर टाकल्यावर निम्म्यांनी ‘उडती तबकडी’ म्हटलं, निम्म्यांनी टिंगल केली. आता तुम्ही पाच-सहा मित्र मिळून कोल्हापूर परिसरातल्या अशा घटनांची चौकशी करणारा गट काढायचा म्हणताय. कोणती उपकरणं घ्यावीत, आणि तुम्ही पाहिलं ते यूएफओ होतं का, हे तुमचे दोन प्रश्न.

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, ते सोपं आहे. यूएफओ म्हणजे ‘अनोळखी उडती वस्तू’. या तीन शब्दांपैकी तुमच्या बाबतीत ‘अनोळखी’ तेवढा सिद्ध झालाय. ते उडत होतं का आणि ती वस्तू होती का, हे दोन्ही अजून ठरायचं आहे. उपकरणांचं म्हणाल तर तुमची खरी अडचण उपकरणांची नाहीच. तुमच्याकडं एक गोष्ट आहे आणि तिच्यात तीन मापं नाहीत: नेमकी दिशा, क्षितिजापासून किती अंश वर, आणि मिनिटासकट वेळ. ही तीन मापं नसतील तर लाखभराची दुर्बीण घेतली तरी ती त्या संध्याकाळकडं वळवता येत नाही.

मी भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेला भूकरमापक. शेतांच्या हद्दी मोजण्यात उमेदीची वर्षं गेली. आकाश बघायचा नाद त्याहून जुना. आम्ही चार-पाच जण रात्री टेंबलाईच्या टेकडीवर नाहीतर पन्हाळ्याकडं दुर्बीण घेऊन बसायचो, तेव्हा लोक ‘काल रात्री आम्हाला काय तर दिसलं, ते काय असंल?’ म्हणून विचारायला लागले. त्यातून वीसेक वर्षांत ही चौकशीची सवय लागली. आमच्या गटाला नाव नाही, पावतीपुस्तक नाही. एक वही आहे, ती आता तिसरी चालू आहे.

मोजणीला गेलं की एक अनुभव हमखास येतो. दोन भाऊ पाच पावलांच्या अंतरावर उभे राहतात आणि दोघंही ‘आज्याच्या वेळेपास्नं बांध हितंच हाय’ म्हणून देवाची शपथ घेतात. दोघांपैकी कुणी खोटं बोलत नसतं. आकाशातल्या दिव्यांचं अगदी तसंच आहे. बघणारा थापा मारतोय असं धरून गेलात तर चौकशी उंबऱ्यातच संपते. तो सांगतो ते मोजमाप म्हणून जसंच्या तसं लिहून घेतलंत तरीही संपते. माणसावर विश्वास ठेवायचा आणि आकडा मात्र स्वतः मोजायचा, एवढं जमलं तर निम्मं काम झालं.

आता मोजायचं कसं? ‘किती वर होतं?’ विचारलं की लोक फुटांत सांगतात. ‘असंल दोनेकशे फुटांवर.’ अंधारात एकट्या दिव्याचं अंतर डोळ्याला कळत नाही. अंतर कळत नाही म्हणून आकार कळत नाही, आणि ही दोन्ही माहीत नसल्यावर वेगही सांगता येत नाही. कळतो तो फक्त कोन. आपल्या जुन्या माणसांना हे चांगलं ठाऊक होतं. ‘दिस कासराभर वर आला’ म्हणणारी आजी फूट सांगत नव्हती, कोनच सांगत होती. म्हणून आम्ही साक्षीदाराला त्याच जागी उभं करतो आणि हात लांब करायला लावतो. ताठ हाताच्या टोकाला मूठ धरली की साधारण दहा अंश, करंगळीची रुंदी एक अंश. लहान-थोर कुणालाही हे चालतं, कारण हात लांब असला की मूठही त्या मानानं मोठी असते.

आकाराचंही तेच. ‘चंद्राएवढं होतं’ असं सांगणाऱ्यासमोर मी ताटलीत तूर, हरभरा, शेंगदाणा आणि लिंबू ठेवतो आणि विचारतो, हात लांब करून यातलं काय धरलं तर चंद्र झाकेल? बहुतेक जण लिंबू उचलतात. खरं उत्तर तुरीचा दाणा. पूर्ण चंद्र फक्त अर्ध्या अंशाचा आहे. हा खेळ झाला की माणूस स्वतःच आपलं वर्णन तपासायला लागतो, त्याला कुणी खोडून काढावं लागत नाही.

दिशेबद्दल कोल्हापूरकरांना एक सोयीचं उदाहरण आहे. अंबाबाईच्या किरणोत्सवात, म्हणजे ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर या दिवसांत, मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात. त्या दिवसांत सूर्य नेमक्या पश्चिमेला मावळत नसतो, दक्षिणेकडं सुमारे १८ अंश सरकलेला असतो. जूनअखेरीस तोच उत्तरेकडं २४ अंशांच्या आसपास जातो. त्यामुळं ‘दिस बुडतो तिकडं दिसलं’ हे वाक्य जूनमधलं असेल तर एक दिशा, नोव्हेंबरमधलं असेल तर दुसरी, आणि दोन्हींत चारेक मुठींचा फरक. हा फरक आकाशात फार मोठा असतो. मोबाइलमधलं होकायंत्र चालतं, पण लोखंडी कठड्याजवळ किंवा गाडीच्या बॉनेटवर ठेवून घेतलेलं माप घेऊ नका. मी स्वतः असं एक माप घेऊन चार दिवस चुकीच्या डोंगरावर दिवा शोधत होतो.

तुमच्या घटनेकडं येतो. रंकाळ्यावरून पन्हाळा सरळ रेषेत सोळा-सतरा किलोमीटरवर, वायव्येला. गड शहरापेक्षा तीन-चारशे मीटर उंच. हिशेब केला तर गडाचा माथा रंकाळ्यावरून क्षितिजाच्या वर जेमतेम एक अंश येतो, म्हणजे करंगळीएवढा. दिवसा डोंगर स्पष्ट दिसतो, रात्री डोंगर अंधारात जातो आणि त्याच्यावरचा दिवा तेवढा उरतो. मग तो आकाशात टांगल्यासारखा दिसणारच. आता सगळं यावर अवलंबून आहे की वडिलांना दिसलेले दिवे करंगळीच्या आत होते की मूठभर वर. करंगळीच्या आत असतील तर मी आधी टॉवरवरचे तांबडे दिवे, गडावरचे दिवे आणि घाटात चढणाऱ्या गाड्यांचे मागचे दिवे तपासेन. दोन दिवे टॉवरचे आणि तिसरा वळणावर थांबून मग झाडीआड गेलेल्या गाडीचा, असं सहज असू शकतं. मूठभर वर असतील तर हे सगळं बाद. मग दिवाळीतले कागदी उडते कंदील, ड्रोन, विमान हे प्रश्न येतात. कंदील वाऱ्याबरोबर एकाच दिशेला जातात आणि इंधन संपलं की एकेक करून विझतात. दहा मिनिटं जागच्या जागी राहणं त्यांना सहसा जमत नाही, वारा नेमका तुमच्या दृष्टीच्या रेषेत वाहत असेल तरच तसं भासेल.

म्हणून मी आत्ता निकाल देत नाही. घाईनं दिलेल्या निकालानं काय होतं याचं एक जुनं उदाहरण आहे. अमेरिकेच्या हवाई दलानं १९५२ ते १९६९ या काळात ‘प्रोजेक्ट ब्ल्यू बुक’ नावाची चौकशी चालवली. जे. अ‍ॅलन हायनेक हे खगोलशास्त्रज्ञ तिचे सल्लागार होते. १९६६ च्या मार्चमध्ये मिशिगन राज्यात बऱ्याच लोकांना दिवे दिसले. दोन-चार दिवसांतच पत्रकार परिषदेत हायनेक यांनी त्यातल्या काही घटनांबाबत दलदलीतल्या वायूची शक्यता मांडली. शक्यताच होती ती, पण लोकांनी ऐकलं ते ‘तुम्ही खुळे आहात’ असं. देशभर चेष्टा झाली, प्रकरण संसदेपर्यंत गेलं. पुढं हायनेक स्वतः त्या चौकशीच्या पद्धतीचे टीकाकार झाले. तुमच्या गटात कुणाला ‘हे तर अमुकच’ असं पटकन म्हणायची खोड असेल तर त्याच्याकडं वही द्या, बोलायचं काम दुसऱ्याकडं.

वेळेबद्दल. ‘साडेआठच्या सुमारास’ चालत नाही. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक साधारण चारशे किलोमीटर उंचीवरून जातं आणि साधारण पाच-सहा मिनिटांत दिसेनासं होतं. वेळ दहा मिनिटांनी चुकली की ते होतं की नव्हतं हे सांगताच येत नाही. सुदैवानं आता प्रत्येकाच्या खिशात पुरावा असतो: व्हिडिओची मूळ फाइल, ‘अगं बाहेर ये’ म्हणून बायकोला केलेला फोन, ग्रुपवर टाकलेला पहिला मेसेज. त्यातली वेळ घ्या, आठवणीतली नको. व्हिडिओ मागताना मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. साध्या फॉरवर्डमध्ये ती दाबली जाते आणि तिच्यातली वेळ-जागेची नोंदही निघून जाते. झूम करून घेतलेल्या व्हिडिओवर फार भिस्त ठेवू नका. फोकस सुटला की साधा ताराही धडधडणारी चकती दिसतो, आणि रस्त्यावरच्या दिव्याची झळाळी काचेत उमटून फ्रेमच्या नेमकी विरुद्ध बाजूला हिरवा ठिपका उमटतो. असा ठिपका मोबाइल हलवला की दिव्याच्या उलट पळतो, त्यावरून ओळखा.

दिशा, कोन, वेळ हातात आली की मग आकाशातले नेहमीचे पाहुणे एकेक करून बाद करायचे. स्टेलॅरियमसारखं अ‍ॅप त्या दिवशीचं, त्या वेळचं आकाश दाखवतं. सगळ्यात जास्त वेळा सापडतो तो शुक्र. २०२५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत संध्याकाळी पश्चिमेला तो इतका ठळक होता की आमचे फोन बंद होत नव्हते. ‘गाडीबरोबर पळतोय’ ही तक्रार तर ठरलेली, कारण जवळची झाडं मागं जातात आणि दूरचा दिवा जागचा हलत नाही. अंधारात एकटक बघत राहिलं तर स्थिर दिवाही सरकल्यासारखा वाटतो, हा डोळ्याचाच गुण. तो दिवा भिंतीच्या कडेच्या किंवा खांबाच्या रेषेत धरून बघितला की खरं-खोटं कळतं. २४ मार्च २०२३ ला चंद्रकोरीजवळ शुक्र आला होता, तेव्हा तर आख्ख्या देशानं फोटो काढले. तेव्हा कुणी घाबरलं नाही, कारण शेजारी चंद्र होता. एकटा शुक्र माणसाला जास्त घाबरवतो.

मग स्टारलिंकच्या इंटरनेट उपग्रहांची माळ. मे २०१९ मध्ये साठ उपग्रहांचा पहिला मोठा जथा गेला, तेव्हापासून ही भानगड सुरू आहे. सोडल्यानंतरचे काही दिवस हे उपग्रह एकामागं एक ओळीनं जातात. सूर्य मावळल्यावर किंवा पहाटे, आपल्याकडं अंधार आणि वर त्यांच्यावर ऊन, अशा वेळी ते चमकतात आणि पृथ्वीच्या सावलीत शिरले की आकाशाच्या मध्यावरच एकेक करून विझत जातात. पन्हाळा तालुक्यातल्या एका वाडीवर पहिल्यांदा ही माळ दिसली तेव्हा नातू म्हणाला ‘एलियन’, आणि आजीनं हात जोडले, ‘वेताळाची पालखी निघाली.’ दोघांनी पाहिलं एकच होतं आणि दोघांनीही ते अगदी बरोबर वर्णन केलं होतं: ओळीनं जाणारे दिवे, आवाज नाही, मध्येच गडप. मी आजीचा जबाब जसाच्या तसा लिहून घेतला. वेताळ हे तिचं स्पष्टीकरण, ओळ आणि आवाज नसणं हे तिचं निरीक्षण. दोन्ही वेगळ्या रकान्यांत.

२०२२ चा गुढीपाडवा आठवतो का? २ एप्रिलच्या संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास विदर्भापासून मध्य प्रदेशापर्यंत लोकांनी जळत जाणारे गोळे पाहिले, आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात धातूचं मोठं कडं आणि काही गोळे पडलेले सापडले. तो चीनच्या चांग झेंग ३बी रॉकेटचा वातावरणात परत शिरलेला टप्पा असल्याचं नंतर स्पष्ट झालं. उल्का आणि असा कचरा यांतला फरक लक्षात ठेवा: उल्का दोन-चार सेकंदांत संपते, रॉकेटचा तुकडा मिनिटभर सावकाश तुटत तुटत जातो. त्या रात्री मला तोच व्हिडिओ ‘जोतिबाच्या डोंगरावरचं दृश्य’ म्हणून आला, आणि दुसऱ्या दिवशी जोतिबावर ते स्वतः पाहिल्याचं सांगणारी दोन माणसंही भेटली. ती लबाड नव्हती. व्हिडिओ इतक्यांदा पाहिला होता की तो त्यांच्या आठवणीत जाऊन बसला होता. म्हणून साक्षीदाराला भेटण्याआधी कुठलाही व्हिडिओ दाखवू नका, आणि दोन साक्षीदार असतील तर वेगवेगळं बसवा. तुमच्या वडिलांचा आणि तुमचा जबाबही वेगळाच व्हायला हवा होता. आता ते जमणार नाही, ठीक आहे.

हो, आणि काही खाली पडलेलं सापडलं तर हात लावू नका. रॉकेटच्या टाकीत विषारी इंधनाचे अंश असू शकतात. पोलीस पाटलांना आणि तहसीलदारांना कळवायचं, लांबून फोटो घ्यायचे, गर्दी हटवायची. चौकशी करणाऱ्या हौशी माणसाचं काम तिथं संपतं.

विमानाबद्दल एकच सांगतो. उजळाईवाडीच्या विमानतळावर उतरणारं विमान धावपट्टीच्या रेषेत उभ्या माणसाकडं थेट येत असेल तर त्याचा पुढचा दिवा काही मिनिटं जागेवर स्थिर दिसतो आणि मग एकदम वळून नाहीसा होतो. विमानांचा माग दाखवणारी अ‍ॅप आहेत, पण त्यावर प्रत्येक विमान दिसत नाही हे ध्यानात असू द्या. तिथं काही दिसलं नाही याचा अर्थ विमान नव्हतं असा होत नाही.

फुगे मात्र सविस्तर सांगायचा विषय आहे, कारण त्याच्याकडं कुणाचं लक्ष जात नाही. हवामान खातं रोज पहाटे आणि संध्याकाळी ठरावीक ठिकाणांहून यंत्र बांधलेले फुगे सोडतं. त्याहून कितीतरी मोठे फुगे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या (टीआयएफआर) हैदराबादच्या केंद्रातून जातात, तीस-चाळीस किलोमीटर उंचीपर्यंत. पहाटे आपण अंधारात असताना एवढ्या उंचीवर ऊन पोहोचलेलं असतं, आणि पातळ प्लास्टिकचा तो फुगा तासन्‌तास चमकत राहतो. डिसेंबर २०२२ मध्ये हैदराबादेत सकाळी असाच पांढरा गोळा दिसला, मग विकाराबादजवळ शेतात एक मोठी कुपी उतरली, आणि गाव गोळा झालं. तो एका स्पॅनिश कंपनीच्या प्रयोगाचा फुगा होता. पस्तीस किलोमीटर उंचीवरचा फुगा आपल्या दिशेला सरकत अडीचशे किलोमीटरवर आला तर कोल्हापुरातून पूर्वेला सातेक अंशांवर, पाऊण मुठीच्या आसपास दिसू शकतो. म्हणून पहाटे पूर्वेकडं ‘हलत नाही, आवाज नाही, चांदीसारखं’ असं वर्णन आलं की मी आधी फुग्याची चौकशी करतो.

याच केंद्राची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. जयंत नारळीकर हे कोल्हापुरात जन्मलेले. त्यांच्या पुढाकारानं एप्रिल २००५ मध्ये तिथूनच असा फुगा सोडून वीस ते एक्केचाळीस किलोमीटर उंचीवरच्या हवेचे नमुने आणले गेले. पृथ्वीबाहेरून सूक्ष्मजीव येत असतील का, हा प्रश्न होता. नमुन्यांत जिवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्या, आणि २००९ मध्ये ते जाहीर करताना ‘हे बाहेरून आलेत असं यातून सिद्ध होत नाही’ हेही सांगितलं गेलं. परग्रहावरच्या जीवसृष्टीबद्दल कुतूहल असायला काहीच हरकत नाही. आमच्या गटात एक जण पक्का मानणारा आहे आणि एक पक्का न मानणारा. दोघंही हवेत. एकाच मताचे पाच जण जमले की वही भराभर भरते आणि उपयोगाचं काही राहत नाही.

आता आमची सगळ्यात आवडती घटना, कारण तिच्यात माझा मोजणीचा धंदा कामाला आला. गणपतीनंतरचे दिवस, ढग खाली आलेले. एका रात्री कसबा बावड्यातून फोन आला: ढगात चार गोल दिवे एकमेकांभोवती फिरतायत, मध्येच एकत्र येतात, परत फुटतात. तासाभरात फुलेवाडीतूनही तेच वर्णन. दोघांची ओळख नव्हती. दुसऱ्या दिवशी दोन्ही ठिकाणी जाऊन दिशेचे अंश घेतले आणि नकाशावर दोन रेषा ओढल्या. त्या जिथं छेदल्या तिथं एक मंगल कार्यालय निघालं, आदल्या रात्री वरात होती आणि अंगणात चार शार्पी, म्हणजे तेज झोताचे फिरते दिवे, लावले होते. लांबून खालचा झोत दिसत नाही, फक्त ढगावर उमटलेला गोळा दिसतो. अंतर आणि कोन माहीत झाल्यावर ढगाची उंचीही काढली: दोन किलोमीटरवरून पंचवीस अंश, म्हणजे नऊशे-साडेनऊशे मीटर. मिरवणुकीच्या हंगामात कोल्हापुरात शार्पी कुठं कुठं लागलेत हे डीजेवाल्यांना विचारणं हा आमच्या चौकशीचा नेहमीचा भाग झालाय. आणि दोन ठिकाणांहून घेतलेली दिशा ही दहा व्हिडिओंपेक्षा मोलाची, हे तुमच्या गटात पहिल्या दिवशी सगळ्यांना शिकवा.

बारीकसारीक आणखी पुष्कळ आहे. रंकाळ्यावर रात्री उडणारे बगळे खालच्या उजेडानं पोटाकडून पांढरे दिसतात आणि बाणाच्या आकारात निःशब्द जातात. शेतात फवारणीचे ड्रोन आलेत, हौशी ड्रोनही आहेत.

ड्रोनवरून सुरक्षेचं सांगतो, हे गमतीचं नाही. २०२४ च्या पावसाळ्यात बीड, अहमदनगर, पुणे जिल्ह्यांतल्या गावांत रात्री ड्रोन फिरतात आणि चोर टेहळणी करतात अशी भीती पसरली होती, लोक रात्रभर गस्त घालत होते. अशा वातावरणात अनोळखी पोरं ट्रायपॉड घेऊन बांधावर उभी दिसली तर काय होईल याचा विचार करा. गावात जाण्याआधी पोलीस पाटील किंवा सरपंचांना फोन करायचा, गाडी उजेडात लावायची, स्थानिक एक माणूस बरोबर घ्यायचा. संशयित दिव्यामागं स्वतःचा ड्रोन पाठवू नका, विमानतळाच्या आसपास तर विनापरवाना अजिबात नाही. तारे दाखवायचा हिरवा लेझर हलत्या दिव्यावर कधीही मारायचा नाही. तो दिवा विमान निघाला तर वैमानिकाच्या डोळ्यांवर झोत जातो. आणि पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर रात्री एकटं जाऊ नका. समोर गवा आला की उडत्या तबकडीची आठवण राहत नाही.

उपकरणांची यादी आता तुम्हीच करू शकाल. होकायंत्र, कोनमापकाला दोरा आणि वजन बांधून केलेलं उंची मोजायचं साधन (शाळेच्या कंपासपेटीतला कोनमापक चालतो), ट्रायपॉड, साधी दहा बाय पन्नासची दुर्बीण, आणि वही. वहीत खाडाखोड झाली तर ती दिसू द्या, पान फाडू नका.

निकालासाठी फ्रान्सच्या अंतराळ संस्थेची पद्धत आम्ही उचलली आहे. तिथं १९७७ पासून अशा नोंदी तपासणारा विभाग आहे. त्यांचे चार वर्ग आहेत, आम्ही त्यांना अ, ब, क, ड म्हणतो. अ म्हणजे नक्की ओळख पटली, ब म्हणजे बहुधा पटली, क म्हणजे माहिती अपुरी, आणि ड म्हणजे माहिती चांगली असूनही ओळख पटली नाही. क आणि ड यांत गल्लत करायची नाही, सगळा गोंधळ तिथं होतो. ब्ल्यू बुकच्या १२,६१८ नोंदींपैकी ७०१ अनोळखी राहिल्या, हा आकडा सगळीकडं फिरतो. पण ७०१ म्हणजे ७०१ परग्रहवासी नव्हेत, आणि उरलेल्या सगळ्या चोख उलगडल्या होत्या असंही समजू नका. आमच्या वहीत सगळ्यात फुगलेला वर्ग क. लोक आठवड्यानं सांगतात, दिशा विसरतात, तारीख ‘त्या लग्नाच्या आदल्या दिवशी’ असते.

ड मध्ये आमच्याकडं फार थोड्या नोंदी आहेत. एक सांगतो. डिसेंबरमधली पहाट, मसाई पठारावर मुक्कामाला गेलेली तीन मुलं आणि पोर्ले बाजूचा ऊसवाहतुकीचा ट्रॅक्टरचालक. एकमेकांशी संबंध नाही. दोन्हीकडच्यांनी दक्षिणेकडून उत्तरेकडं सावकाश जाणारा हिरवट पांढरा दिवा सांगितला, मिनिटभर थांबला आणि विझला. वेळ दोन्हीकडं मोबाइलवरून मिळाली, जुळली. दिशेच्या रेषा ओढल्या तर त्या छेदल्याच नाहीत, जवळजवळ समांतर गेल्या, म्हणजे जे काही होतं ते फार दूर होतं. अंतराळ स्थानक त्या वेळी नव्हतं, शुक्र दुसऱ्या बाजूला. उपग्रह थांबत नाही. विमान आपल्याकडं येऊन वळलं असेल तर थांबल्यासारखं दिसेल, पण मग ‘सावकाश गेला’ हे बसत नाही. तीन वर्षं झाली, ती नोंद ड मध्येच आहे. आमच्यातला न मानणारा मधूनमधून ती वही उघडतो, मानणारा मात्र बघत नाही. का, ते त्यानं कधी सांगितलं नाही.

तुम्ही आता असं करा. येत्या एक-दोन दिवसांत, आकाश मोकळं असताना, रात्री साडेआठला वडिलांना घेऊन त्याच जागी जा. काही न सुचवता त्यांना हात लांब करून ते दिवे कुठं होते ते दाखवायला सांगा. करंगळीच्या आत की वर, ते लिहा. होकायंत्र कठड्यापासून चार पावलं लांब धरून अंश लिहा. तिथं आत्ताही दोन तांबडे दिवे दिसतात का, ते नंतर बघा, आधी नको. व्हिडिओच्या मूळ फाइलमधली वेळ लिहा. आणि तिसरा दिवा घसरला तेव्हा डावीकडं झुकत गेला की सरळ खाली, हे वडिलांना विचारा, तुम्ही स्वतः काय पाहिलं ते मात्र त्यांना आधी सांगू नका. ही पाच उत्तरं पाठवलीत तर पन्हाळ्याच्या घाटाचा नकाशा घेऊन मी बसतो.